स्क्रोल करताना घटक दिसू लागल्याचे कसे ओळखावे

शहापुरातील साड्यांच्या दुकानासाठी तुम्ही पान तयार करीत आहात, म्हणून सांगतो: प्रत्येक स्क्रोल इव्हेंटला घटकाची जागा मोजू नका, कारण त्या मोजणीपायी ब्राउझरला लेआउट पुन्हा पुन्हा मांडावा लागू शकतो आणि खानापूरकडच्या ग्राहकाच्या साध्या मोबाइलवर पान अडखळते. क्रोममध्ये २०१६ पासून आणि सफारीत २०१९ पासून असलेला इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर, म्हणजे घटक दिसू लागला की ब्राउझरनेच कळवण्याची सोय, वापरावा. निरीक्षण सुरू होताच, घटक दिसत नसला तरी, कॉलबॅक (त्याला आपण दिलेले फंक्शन) एकदा चालतो. म्हणून आत 'इज-इंटरसेक्टिंग' (घटक दिसतो आहे का, हे सांगणारे मूल्य) तपासल्याशिवाय काहीही करू नये. नवशिके बहुधा इथेच फसतात.

थ्रेशोल्ड (घटकाचा किती भाग दिसल्यावर कळवायचे, ते प्रमाण) १ ठेवण्याचा मोह टाळावा: इरकलीच्या पदराचे उभे छायाचित्र स्क्रीनपेक्षा उंच असेल, तर दिसणाऱ्या भागाचे प्रमाण १ पर्यंत कधीच पोहोचत नाही आणि पूर्ण दिसण्याची वाट पाहणारा कोड तसाच खोळंबतो. माझ्या मते ०.२ पुरे. घटक येण्याआधीच तयारी हवी असल्यास रूट-मार्जिन (स्क्रीनच्या कडेबाहेर धरायचे वाढीव अंतर) '200px' असे एककासह द्यावे. काम एकदाच करायचे असेल, तर नंतर 'अनऑब्झर्व्ह' करून निरीक्षण थांबवावे. केवळ छायाचित्रे उशिरा उतरवायची असतील, तर 'लोडिंग' या गुणधर्माला 'लेझी' हे मूल्य दिले की जावास्क्रिप्टची गरजच उरत नाही.