शब्द पाठ आहेत, मग वाक्य का जमत नाही?

‘मॅडम, रोज दहा शब्द पाठ करून घेतोय ओ आम्ही. स्पेलिंग विचारा, अर्थ विचारा, सगळं सांगती. पण पेपरात चार ओळी लिहा म्हटलं की पोरगी गप्पच. आता ग्रामरचा वेगळा क्लास लावावा का?’

कोल्हापुरात शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो, सेमी इंग्रजीतल्या मुलांच्या पालकांकडून तर फारच. या ताई घरी शिलाईकाम करतात, वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. मुलगी सातवीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलीशी वेगळं बोलले. वही सुबक होती: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद तिने न अडखळता वाचला. ‘काय झालं गं यात?’ असं विचारल्यावर मात्र ती नुसती बघत राहिली. वर्गात वाचन कसं होतं ते विचारलं, तेव्हा उलगडा झाला. बाकांच्या क्रमाने एकेकाने उभं राहून एकेक परिच्छेद वाचायचा. ही आपल्यापुढे किती जणी आहेत ते मोजते, आपल्या वाट्याचा परिच्छेद शोधते आणि तेवढाच मनात घोकत बसते. मागे एकदा उच्चार चुकला तेव्हा वर्ग हसला होता. तेव्हापासून धड्यात काय चाललंय याकडे तिचं लक्षच नाही. पाळी निभावली की सुटली. वर्षभर धडे होतात आणि तिच्यापर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

नियम तिला येत होते. ‘ही, शी, इट’ आलं की क्रियापदाला एस, हे घडाघडा सांगितलं आणि लगेच ‘माय ब्रदर गो टू स्कूल’ लिहिलं. यात आळस नाही आणि बुद्धीची उणीवही नाही. जगभर इंग्रजी शिकणाऱ्यांना हा एस उशिराच अंगवळणी पडतो, नियम पहिल्या वर्षी कळला तरी. त्यात आपलं क्रियापद शेवटी, इंग्रजीचं मधे. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, त्यांचं ‘वर’ आधी येतं. ‘अ’ आणि ‘द’ला तर मराठीत जोडच नाही. अशी वाक्यं डोळ्यांखालून पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय हातातून उतरत नाहीत. शब्दांचंही तसंच. ‘बिग’ पाठ, ‘रेन’ पाठ, म्हणून मूल ‘बिग रेन’ लिहितं. ‘हेवी रेन’ त्याला गोष्टीत भेटतं, आणि तेही बऱ्याचदा भेटावं लागतं.

म्हणून मी क्लासला थांबा म्हटलं आणि सोपी पुस्तकं सुचवली. मुलीने तिसरीचं इंग्रजी पुस्तक पाहून मान फिरवली. ‘हे बारक्या पोरांचं आहे.’ तिला समजावून सांगितलं की सोपं वाचणं हा शिक्षणाचाच भाग आहे. भाषा-अभ्यासक पॉल नेशन यांच्या मांडणीनुसार, मदतीशिवाय नीट समजून वाचायचं तर मजकुरातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे शंभरात दोनच नवे. मायकेल वेस्ट ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते, तेव्हा 1920च्या दशकात त्यांनी बंगाली मुलांसाठी मोजक्या शब्दांची, पायरीपायरीने चढणारी वाचनपुस्तकं तयार केली. पुढे 1953 मध्ये त्यांनी सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. मुलीला ढाक्यातल्या मुलांची गोष्ट आवडली. पुस्तक घरी नेलं.

खरं काम वर्गात झालं, आणि त्याचं श्रेय तिच्या इंग्रजीच्या बाईंचं. त्यांची अडचण रास्त होती: पोर्शन कधी संपवायचा? आम्ही तासातली सुरुवातीची दहा मिनिटंच मागितली. आधी बाई स्वतः परिच्छेद वाचतात, मुलांची बोटं ओळीवर. मग सगळे मनात वाचतात. मग शेजारच्याला मराठीत सांगायचं, काय घडलं ते. नवा शब्द आला की आधी मागच्या-पुढच्या वाक्यांवरून अंदाज, अर्थ नंतर. उभं राहून वाचायचं ते सर्वांत शेवटी, आणि ज्याला वाचावंसं वाटेल त्यानेच. व्याकरणही त्याच परिच्छेदातून: आज घडून गेलेल्या क्रिया अधोरेखित करा, उद्या ‘इन, ऑन, अंडर’ कुठे आलेत ते शोधा. शेवटी एक वाक्य उसनं घ्यायचं आणि आपलं करायचं. धड्यात राजा नदीकाठी राहत होता, तर हिने लिहिलं, ‘माय ग्रँडमदर लिव्ह्ड निअर रंकाळा’. ते वाक्य बाईंनी फळ्यावर लिहिलं.

घरी काय करायचं, हे ताईंनी संकोचत विचारलं. स्वतःला इंग्रजी येत नाही याची त्यांना खंत होती. मी म्हटलं, स्पेलिंग विचारणं बंद करा, मशीनवर बसल्या बसल्या तिच्याकडून गोष्ट मराठीत ऐका. ‘मग पुढं काय झालं?’ एवढं विचारलंत तरी पुरे. पुस्तकांसाठी खर्चही नको. बालभारतीची खालच्या इयत्तांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार गोष्टी आहेत, बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीतही. आधी मराठीत वाचून मग इंग्रजीत वाचली तर मूल अडत नाही, अर्थाचा धाक जातो.

सहामाहीत गुण फारसे वाढले नाहीत, आणि ते मी आधीच सांगून ठेवलं होतं. पण निबंधाची जागा या वेळी कोरी नव्हती. आठ-नऊ ओळी होत्या, ‘वेंट’ बहुतेक ठिकाणी बरोबर, ‘द’ जवळजवळ सगळीकडे गायब. बाईंनी ‘द’च्या चुकांना लाल शाई लावली नाही, हे मला फार योग्य वाटलं. ताईंनी परत क्लासचं विचारलं. वार्षिक परीक्षेपर्यंत हेच चालू ठेवा म्हटलं. आठवीत तिला स्वतःला गरज वाटली तर क्लास लावू.