टीममधल्या भूमिका लवचिक ठेवायच्यात? आधी एवढं करा

पहिल्यांदा टीम हातात आली की बहुतेक जण एकच चूक करतात: "आपल्याकडे सगळे सगळं करतात" असं सांगून मोकळे होतात. मीही केली होती. एका ग्राहकाची तक्रार तीन दिवस सामायिक इनबॉक्समध्ये पडून राहिली. पाचही जणांनी वाचली होती, आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने उत्तर दिलं असेल.

म्हणून कामं खुशाल फिरवा, पण एका वेळी प्रत्येक कामाची जबाबदारी एकाच्याच नावावर हवी. सुरुवात हुद्द्यांपासून नको. आठवड्यात खरोखर होणारी कामं कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे दोन नावं लिहा: एक जबाबदार माणसाचं, दुसरं तो रजेवर असताना सांभाळणाऱ्याचं.

आणि हे टाळा:
- "इतर कामे" या ओळीत वाट्टेल ते ढकलणं. नाही म्हणता न येणाऱ्याच्याच गळ्यात ते पडतं.
- नवं काम देताना जुनं कोणतं काढलं, ते न सांगणं.

रेसी (RACI) तक्ता, म्हणजे प्रत्येक कामात कोण करणार, कोण उत्तरदायी, कोणाला विचारायचं आणि कोणाला कळवायचं हे मांडणारा तक्ता, वगैरे सध्या राहू द्या. एका पानात मावेल एवढंच लिहा, महिन्याभराने टीमसोबत बसून खोडाखोड करा. ती होणारच, घाबरू नका.