वाचकांचे प्रश्न : अभ्यासक्रमाचे पान बदलले, पण मुलांपर्यंत पोचले का?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना मराठी शिकवते. गेल्या वर्षी विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि माझे अध्यापनाचे नियोजन यांची एकच पीडीएफ करून मी ती आमच्या मूडलवर, म्हणजे महाविद्यालयाच्या ऑनलाइन अध्यापनाच्या संकेतस्थळावर टाकली. पुढे पुरामुळे आठवडाभर वर्ग बंद राहिले, म्हणून घटकांचा क्रम बदलून नवी फाइल चढवली. परंतु जुनी फाइल तोवर वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत होती. अंतर्गत चाचणीला निम्मी मुले दुसरा घटक वाचून आली आणि निम्मी तिसरा. यंदा हे कसे टाळावे? शिवाय घरी टंकलेला मजकूर पानावर चिकटवला की मराठीऐवजी भलतीच अक्षरे उमटतात, त्यावर उपाय काय?

उत्तर : आपण सांगितलेला चाचणीचा प्रसंग वाचून मनाला लागले, कारण त्यात मन लावून अभ्यास करणाऱ्या मुलांचेच नुकसान झाले. माझ्या मते या गोंधळाचे मूळ एकच आहे : जे बदलता येत नाही आणि जे बदलावेच लागते, ते दोन्ही एका फाइलमध्ये बांधले गेले. अभ्यासमंडळाने तयार केलेला आणि विद्यापरिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम, म्हणजे त्यातील घटक, श्रेयांक (क्रेडिट) आणि गुणविभागणी, यांत महाविद्यालयातल्या शिक्षकाला फेरफार करता येत नाही. कोणता घटक कोणत्या आठवड्यात घ्यायचा, चाचणी कशावर ठेवायची, हे नियोजन मात्र आपले असते आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते एकदा तरी बदलणार हे गृहीत धरूनच आखावे लागते.

म्हणून मान्य अभ्यासक्रमाची पीडीएफ जशीच्या तशी 'फाइल' म्हणून ठेवा आणि नियोजन मूडलच्या 'पेज' या प्रकारात, म्हणजे तिथेच उघडणाऱ्या पानावर लिहा. पीडीएफ एकदा मोबाइलमध्ये उतरवली की तिच्यात नंतर केलेली दुरुस्ती त्या मुलाला कधीच दिसत नाही. पेजचा दुवा उघडला की आपण शेवटी जतन केलेला मजकूर समोर येतो. गटावर दुवाच पाठवावा, फाइल पाठवू नये. २०२२ पासूनच्या मूडल ४ मध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातील 'एडिट मोड' सुरू केला, की कोर्सच्या अगदी पहिल्या विभागात असे पेज जोडता येते. ते तिथेच असावे, कारण पाचव्या घटकाखाली दडलेले नियोजन कोणी शोधत बसत नाही.

आता नियोजनाविषयी. एका श्रेयांकाला १५ तास या हिशेबाने चार श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेला ६० तासिका मिळतात. त्या सगळ्या घटकांमध्ये वाटून टाकण्याचा मोह होतो, पण पहिल्या सत्रात निदान चार तासिका मोकळ्या ठेवाव्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी तिकडे चढू लागले की गगनबावडा, राधानगरीकडून येणाऱ्या मुलांचे रस्ते एकेक करून बंद होतात, हे आपण दर वर्षी पाहतोच. पेजवर 'आठवडा ६ : घटक २' असे लिहावे आणि चाचणीची तारीख एकाच ठिकाणी द्यावी, कारण तीन ठिकाणी लिहिलेली तारीख दुरुस्त करताना एखादे ठिकाण हमखास राहून जाते.

बदल केला की पेजच्या अगदी वर तारखेसह एक ओळ लिहा. उदाहरणार्थ : '२८ जुलै : पुरामुळे चार तासिका बुडाल्या. घटक ३ आता घटक २ च्या आधी होईल. चाचणी घटक १ व ३ वर.' जुनी ओळ पुसू नका, तिच्यावर नवी लिहीत जा. पेजला मागील आवृत्त्यांचा इतिहास नसतो, त्यामुळे हीच आपली नोंदवही. नुसता मजकूर बदलून जतन केल्याने मुलांना आपोआप सूचना जात नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत पेजच्या संपादन फॉर्मच्या तळाशी बदलाची सूचना पाठवण्यासाठी चौकट असते. ती नसेल तर कोर्सच्या 'अनाउन्समेंट्स' या सूचनाफलकावर हीच ओळ टाका आणि वर्गातही वाचून दाखवा.

भलत्या अक्षरांचे कारण आपला फॉण्ट. शिवाजीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये पडद्यावर 'क' दिसत असला तरी संगणकात मात्र रोमन अक्षर साठवलेले असते. तो फॉण्ट आपल्या संगणकावर आहे, मुलांच्या मोबाइलमध्ये नाही. तिथे 'काव्यविचार' हा शब्द रोमन अक्षरे आणि कंसांची रांग होऊन बसतो. असा मजकूर फॉण्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व उपकरणांवर मराठी अक्षर म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या संकेतप्रणालीत आणावा आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत, कारण चुका तिथेच राहतात. पुढचे लेखन सरळ इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकाने करावे. पहिले दोन आठवडे हात अडखळतो, नंतर बसतो. वर्डमधला मजकूर चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबल्या, तर तिथली सजावट सोबत येत नाही. रुंद तक्ते टाळा, मोबाइलवर त्यांचा उजवा भाग पडद्याबाहेर जातो.

प्रश्न : माझ्या खात्यावर कोर्स दिसतो, पण 'एडिट मोड' दिसतच नाही. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणून असे असेल का?

उत्तर : नेमणुकीच्या प्रकाराशी मूडलचा संबंध नाही. आपल्याला संपादनाचा अधिकार नसलेली शिक्षकाची भूमिका दिलेली असावी. तिच्यात गुण देता येतात, मजकूर बदलता येत नाही. मूडल सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला कोर्सचे नाव कळवून 'टीचर' ही भूमिका मागून घ्या. ती मिळाल्यावर आधीच्या शिक्षकांचे पेज पुसून नवे करण्याऐवजी त्यातच दुरुस्ती करा, म्हणजे मुलांकडे गेलेला दुवा चालू राहील.