नैरोबीतल्या सोमाली लोकांवर एमएचा प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करू?

डोळे झाकून ईस्टलीपासून कर, नैरोबीतली सोमाली लोकांची मोठी वस्ती आणि बाजारपेठ तीच. 1991 ला सोमालियात राष्ट्राध्यक्ष सियाद बर्रेचं सरकार कोसळलं आणि लोक जीव मुठीत घेऊन नैरोबीत आले, तिथे गारिसा लॉज म्हणून एक लॉज होतं, त्याच्या खोल्यांत लोक रात्री झोपायचे आणि दिवसा तिथेच कपडेबिपडे मांडून विकायचे, होता होता त्या लॉजचंच शॉपिंग सेंटर झालं आणि मग आजूबाजूला मॉलवर मॉल. भांडवलात परदेशातल्या नातेवाइकांचे, हवालाने आलेले पैसेही होते. (आधी या भागात आपले भारतीयही राहायचे बरं का.)

फक्त सगळ्यांना सरसकट निर्वासित धरू नकोस, केनियाचेच नागरिक असलेले सोमाली पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत. तरी 2014 च्या उसालामा वॉच या दहशतवादविरोधी कारवाईत पोलिसांनी हजारोंची धरपकड केली, कित्येकांना कासारानी स्टेडियममध्ये डांबलं, त्यात नागरिकही सापडले. म्हणून पहिल्याच भेटीत कागदपत्रांचं काढलंस तर कोणी तोंड उघडणार नाही, आधी धंद्यापाण्याचं विचार, माल कुठून येतो, गाळा कसा मिळाला वगैरे. तुलनेला अमेरिकेतल्या मिनियापोलिसचं सीडर-रिव्हरसाइड घे, तीही सोमाली वस्तीच, पण ते नंतर.