अकरावी-बारावी कला : समाजशास्त्र, तर्कशास्त्र आणि धर्माचा तास

प्रश्न : समाजशास्त्राच्या २० गुणांच्या प्रकल्पासाठी मी गावची जत्रा घेतली. सरांनी मसुदा परत केला. म्हणाले, "ही देवस्थानाची माहितीपुस्तिका झाली, यात समाजशास्त्र कुठे आहे?" आता काय बदलू?
– बारावीतील विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : विषय बदलू नका, जत्रा उत्तम आहे. देवाची आख्यायिका आणि मंदिराचा इतिहास मात्र अर्ध्या पानात आटपा. देव नवसाला पावतो का, हा समाजशास्त्राचा प्रश्नच नाही. जत्रेत कोण काय करतं, ते कुणी ठरवलं आणि त्यामुळे गाव कसं बांधलं जातं, हे शोधायचं आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दरखाईम यांनी १९१२ मध्ये धर्माची जी व्याख्या केली, तिचा गाभा हाच आहे : पवित्र म्हणून वेगळ्या काढलेल्या गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार, जे मानणाऱ्यांना एका नैतिक समुदायात बांधतात. ही व्याख्या प्रस्तावनेत टाकून विसरू नका, प्रत्येक निरीक्षण तिच्यावर तपासा. एखादी वस्ती त्या समुदायाच्या बाहेर राहत असेल, तर तेही स्पष्ट लिहा.

दहा-बारा मुलाखती पुरतात, पण माणसं निवडून घ्या. पुजारी, सरपंच आणि मानकरी एवढ्यांनाच विचारलंत, तर "आमच्याकडे सगळे एकोप्याने राहतात" हेच उत्तर सगळीकडून येईल. ज्यांना मान नाही अशी घरं, माहेरवाशिणी, मुंबई-पुण्याहून जत्रेपुरते येणारे, तरुण मंडळातली मुलं, हे सगळे यादीत हवेत. प्रश्न मताचे नकोत, कृतीचे हवेत. "भेदभाव होतो का?" असं विचारलं की माणूस सावध होतो. त्याऐवजी विचारा : पालखीला खांदा कोण देतं? पंगतीत वाढायला कोण असतं? वर्गणी घरटी किती, आणि हिशेब कुणाकडे? मग जत्रेच्या दिवशी स्वतः पाहा. सांगितलेलं आणि दिसलेलं जिथे जुळत नाही, तिथेच तुमच्या प्रकल्पाचं सर्वांत मोलाचं पान आहे. ते झाकू नका.

मुलाखतीआधी परवानगी घ्या आणि नावं लिहू नका. "माहितीदार ३, स्त्री, वय साठीच्या आसपास" एवढी नोंद पुरे. लहान गावात हुद्द्यावरूनही माणूस ओळखू येतो, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : तर्कशास्त्रात निष्कर्ष खरा असूनही युक्तिवाद अवैध कसा ठरतो?
– अकरावीतील विद्यार्थी, नांदेड

उत्तर : हे पाहा. सर्व हापूस फळं आहेत. सर्व आंबे फळं आहेत. म्हणून सर्व हापूस आंबे आहेत. तिन्ही विधानं सत्य आहेत, तरीही युक्तिवाद अवैध आहे, म्हणजे पहिल्या दोन विधानांवरून तिसरं निघालंच पाहिजे असं नाही. 'हापूस'च्या जागी 'चिकू' घाला. दोन्ही आधारविधानं (निष्कर्षाआधीची विधानं) सत्यच राहतात, पण निष्कर्ष निघतो, 'सर्व चिकू आंबे आहेत'! हापूस आणि आंबा दोघांचंही नातं फळांशी जोडलं होतं, एकमेकांशी कधी जोडलंच नव्हतं. पहिल्या उदाहरणातला निष्कर्ष आपल्याला आधीपासून ठाऊक होता, म्हणून फसगत होते.

उलट 'सर्व पक्षी उडतात, शहामृग पक्षी आहे, म्हणून शहामृग उडतो' हा युक्तिवाद वैध आहे. निष्कर्ष असत्य आहे, कारण पहिलं आधारविधान असत्य आहे. सत्यता विधानाची आणि वैधता युक्तिवादाची. उत्तरपत्रिकेत 'सत्य युक्तिवाद' असं लिहिलंत तर ती चूकच आहे. शंका आली की आकार तोच ठेवून शब्द बदलून पाहा.

प्रश्न : मुलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात धर्मशिक्षणाचा तास सक्तीचा आहे. नाही म्हणता येतं का?
– पालक, ठाणे

उत्तर : येतं. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार, शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल तर पालकाची संमती लागते. अनुदान नसलं तरी शासनाची मान्यता असली की हा नियम लागू होतो. मात्र आधी त्या तासाला काय चालतं ते मुलीकडून नीट समजून घ्या. निरनिराळ्या धर्मांची तत्त्वं आणि इतिहास अभ्यास म्हणून शिकवण्यास संविधानाची आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं आहे. असा तास असेल तर मुलीला जरूर बसू द्या. प्रार्थना, दीक्षा किंवा एकाच धर्माचा आचार शिकवला जात असेल, तर संमती नसल्याचं पत्र प्राचार्यांच्या नावे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.