तार तुटली, बिल मात्र पूर्ण

प्रश्न : माडाची झावळी पडून घरचं ब्रॉडबँड तुटलं, अकरा दिवस झाले. मुलीचे क्लास बुडताहेत. फोन केला की 'उद्या माणूस येईल' म्हणतात. बिल मात्र पूर्ण आलं. काय करू?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : ताई, गेल्या चवथीला माझ्याही घरी हेच झालं. आरतीच्या वेळी मुंबईच्या भावाला गणपती दाखवता आला नाही, त्याची रुखरुख अजून आहे. तेव्हा मी एक चूक केली : फोन करत राहिलो, तक्रार क्रमांक मागितलाच नाही. तुम्ही तो आजच मागा, वहीत तारखेसह लिहा. त्याशिवाय पुढे काहीच हलत नाही.

दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी पुन्हा ऐकणाऱ्या विभागाकडे जा. अपील करायची मुदत ३० दिवस, शुल्क नाही, निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. दुरुस्ती तीन दिवसांपलीकडे लांबली, तर ब्रॉडबँडच्या मासिक भाड्यात सूट मिळण्याची तरतूद आहे. ती लेखी मागा. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची नियामक संस्था, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केलंय. तिथल्या तक्रारीला बुडालेल्या क्लासच्या तारखाही जोडा.