उधारी ३१ लाखांची, हार्ड डिस्क १४ वर्षांची

निपाणीच्या एका वाचकाचे पत्र आहे. ट्रॅक्टरचे सुटे भाग आणि शेती अवजारांचे घरचे दुकान, उलाढाल सव्वाचार कोटी, येणे उधारी ३१ लाख. हिशेबाचा मुख्य संगणक २०१२ चा, विंडोज ७ वर चालणारा. काउंटरवरचे दोन २०१९ चे, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे, विंडोज १० वर. सॉफ्टवेअर ओळखीच्या एका मुलाने करून दिलेले. तो आता पुण्यात असतो आणि फोन उचलला तर उचलतो. गावातला दुरुस्तीवाला ४६ हजारांत तिन्ही यंत्रे ठाकठीक करून द्यायला तयार आहे, बिल मात्र नाही. कोल्हापूरच्या विक्रेत्याचे कोटेशन जीएसटीसह ३ लाख ४० हजारांचे: सर्व्हर ८४ हजार, तीन संगणक प्रत्येकी ५२ हजार, सॉफ्टवेअर ६० हजार, जुना डेटा आणण्याचे ४० हजार. दुसऱ्या वर्षापासून सॉफ्टवेअरची वर्गणी २४ हजार. तीन वर्षांचे कर्जही तोच १४ टक्क्यांनी मिळवून देतो. अण्णा म्हणतात, चालतंय ते चालू दे. काय करावे?

दोन्हीपैकी एकही नको. आणि अण्णांचेही ऐकू नका, निदान मुख्य संगणकाच्या बाबतीत तरी.

तुम्ही सगळे मोजमाप यंत्रांच्या किमतीत केले आहे. माझी नजर उधारीवर गेली. कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याकडे किती येणे आहे, ऊसबिल आल्यावर कोणी किती भरले, हे सगळे त्या एका डिस्कवर. तिची दुसरी प्रत असल्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत, आणि त्याच यंत्रावरून तुम्ही जीएसटीचे पोर्टल उघडता. म्हणून आजच दोन बाहेरच्या डिस्का घ्या. एक दुकानात, एक घरी. रोज रात्री आलटून पालटून प्रत काढायची. बाकीचा निर्णय महिनाभर लांबला तरी चालेल, हे काम थांबवू नका.

आता दुरुस्तीवाल्याचे ४६ हजार. त्यातले १८ हजार काउंटरच्या दोन यंत्रांना एसएसडी (वेगवान डिस्क) आणि वाढीव रॅम बसवायचे आहेत. तो खर्च चांगला आहे, जरूर करा. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, पण आठव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय चालू आहे का तेवढे पाहायला सांगा. पैसे मात्र बिल घेऊनच द्या, जीएसटी धरून २१ हजार पडले तरी. बिनबिलाच्या खर्चावर ना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत, ना घसारा (यंत्राच्या किमतीवर आयकरात दरवर्षी मिळणारी वजावट). उरलेले २८ हजार २०१२ च्या यंत्रावर जाणार आहेत. ते यंत्र विंडोज ११ च्या अटीत बसत नाही. तिथे एक रुपयाही घालू नका.

सर्व्हरही नको. तीन जणांच्या बिलिंगला एक चांगला साधा संगणक मुख्य म्हणून पुरतो. निपाणीत वीज कशी येते-जाते हे मी सांगायला नको, तेव्हा त्याला दणकट यूपीएस द्या. नवा संगणक ५२ हजार, काउंटरचे २१, सॉफ्टवेअर ६०, डेटाचे ४०, यूपीएस आणि डिस्का मिळून १७. एकूण १ लाख ९० हजार.

विक्रेत्याच्या वाटेने गेलात तर ३६ महिने साधारण ११,६०० चा हप्ता बसेल आणि व्याजच ७८ हजारांच्या घरात जाईल. चार वर्षांची वर्गणी ९६ हजार धरली की पाच वर्षांचा आकडा ५ लाख १४ हजार. माझ्या वाटेने, तीच वर्गणी धरून, २ लाख ८६ हजार. फरकाच्या सव्वादोन लाखांत हंगामाआधी किती बेअरिंग आणि ऑइल सील भरता येतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते.

पैसे स्वतःचेच वापरा. ऊसबिलांची वसुली झालेली असते आणि दुकानात गर्दी नसते, तो पावसाळ्याचा काळ यासाठी बरा. कारखान्यांचे गाळप सुरू होण्याच्या तोंडावर सॉफ्टवेअर बदलणे म्हणजे हाताने संकट ओढवणे. दिवाळीच्या वहीपूजनाला नवे सॉफ्टवेअर सुरू करायचा मोहही टाळा. पूजा नव्या वहीची खुशाल करा. पावसाळ्यात एखाद्या महिन्याच्या १ तारखेला सुरुवात करा आणि महिनाभर दोन्हीकडे नोंदी ठेवा. मग यंत्र ऑक्टोबरच्या आधीच वापरात येईल आणि पूर्ण ४० टक्के घसारा मिळेल. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच मिळतो.

कराने खर्च फिटत नाही, हेही लक्षात ठेवा. १ लाख ९० हजारांतले सुमारे २९ हजार इनपुट क्रेडिटने सुटतील. उरलेल्या १ लाख ६१ हजारांवर ४० टक्के घसारा धरला तर आयकराच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात पहिल्या वर्षी वाचणारा कर १९ हजारांच्या आसपास. एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिलीत तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही, म्हणून पैसे बँकेतूनच द्या.

मग सॉफ्टवेअर तरी का बदलायचे? कारण तुम्ही कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेवर बसला आहात. महाराष्ट्रातल्या कागल-गडहिंग्लजच्या गॅरेजवाल्याला माल पाठवला की आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर. तुमच्याच राज्यातल्या चिकोडी-संकेश्वरला पाठवला की सीजीएसटी आणि एसजीएसटी. तुमच्याकडे हे बिल करणारा मुलगा हाताने निवडतो. चुकले तर योग्य कर नव्याने भरायचा आणि चुकीचा भरलेला परत मागत बसायचे. २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरचे टायर आणि बरेच भाग १८ वरून ५ टक्क्यांवर आले, तेव्हा एकेक वस्तू उघडून दर बदलल्याचे तुम्हीच लिहिले आहे. शिवाय उलाढाल ५ कोटींच्या पुढे गेली की पुढच्या वर्षापासून नोंदणीकृत ग्राहकांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) देणे बंधनकारक होईल. पुण्यातल्या मुलाच्या भरवशावर ते होणार नाही.

डेटाच्या ४० हजारांवर मात्र विक्रेत्याला नीट धरा. तुमच्या खातेदारांची मराठी नावे जुन्या फॉन्टात आहेत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, बदलल्याशिवाय नव्या सॉफ्टवेअरात आणली तर नावांच्या जागी नुसती चिन्हे दिसतील. आधी पन्नास खाती नमुन्याला आणून दाखवायला सांगा, शिल्लक जुळली तरच पुढचे पैसे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, म्हणून जुने यंत्र इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवा, भंगारात घालू नका. आणि कोटेशनवर सही करण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: उद्या वर्गणी भरणे थांबवले, तर जुनी बिले आणि खाती उघडून पाहता येतील की नाही, आणि एक्सेलमध्ये बाहेर काढता येतील की नाही. यावर विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर दुसरा विक्रेता शोधा.